मांजरीचं पिल्लू सापडलं? थांबा, दूध हे चौथं काम आहे

जिन्याखाली नाहीतर पार्किंगमधल्या जुन्या टायरात कुणाला तरी मांजरीची पिल्लं सापडतात, डोळे मिटलेली, मुठीत मावतील एवढी, आणि मग मला मेसेज येतो. मेसेज ठरलेलाच असतो, "दूध पाजतेय पण पितच नाहीये, काय करू?" मी विचारते हाताला गार लागतंय का, तर उत्तर येतं "हो, जरा गारच आहे". म्हणजे चौथं काम आधी करून झालेलं असतं आणि पहिली तीन तशीच राहिलेली असतात.

क्रम असा आहे: आई येतेय का ते बघणं, मग ऊब, मग तपासणी आणि वजन, आणि त्यानंतर दूध. मी माझं पहिलं पिल्लू हाच क्रम चुकवून घालवलंय. रात्री साडेअकराला सापडलं, ड्रॉपरने गाईचं कोमट दूध पाजलं, तेही तान्ह्या बाळासारखं उताणं धरून, चार थेंब गेले म्हणून खूश होऊन झोपले. सकाळी डॉक्टरांनी पहिलंच विचारलं की आणलं तेव्हा अंग किती गार होतं, आणि मला सांगता येईना, कारण मी ते बघितलंच नव्हतं.

खालचं सगळं साधारण आठ आठवड्यांपर्यंतच्या पिल्लांसाठी आहे. आणि हे व्हेटच्या, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांच्या, ऐवजी नाहीये हां, व्हेटकडे पोचेपर्यंत आणि तिथून परत आल्यावर घरी काय करायचं त्यासाठी आहे.

१) उचलायच्या आधी: आई खरंच गेलीय का?

मांजर पिल्लं घेऊन सात घरं फिरते म्हणतात ते काही उगाच नाही. ती एकेक पिल्लू तोंडात धरून नेते, त्यामुळे चार पिल्लांपैकी दोन नवीन जागी आणि दोन जुन्या जागी अशी वेळ मध्ये येतेच. नेमकं तेव्हा तुम्ही तिथून जाता आणि तुम्हाला वाटतं की आईने टाकलं. शिवाय आईला खायला शोधायला जावं लागतंच, ती दोन-तीन तास गायब असणं नॉर्मल आहे.

म्हणून आधी लांबून बघा. पिल्लं स्वच्छ आहेत, पोटं गोल आहेत, एकमेकांवर रचून गप झोपलीयेत, तर आई आहे. ती तुमच्यामुळेच येत नसेल, तुम्ही तिथे मोबाईल धरून उभे आहात ना. निघून जा. खिडकीतून बघा, नाहीतर सोपी युक्ती म्हणजे पिल्लांभोवती हातभर अंतरावर पिठाची बारीक रेघ ओढून ठेवा आणि दोन तासांनी या, रेघ पुसली असेल किंवा त्यात पंज्यांचे ठसे असतील तर प्रश्न मिटला.

पिल्लं मळलेली आहेत, सतत केकाटतायत, अंगावर मुंग्या किंवा माश्या आहेत, पोटं खपाटीला गेलीयेत, तर आई बराच वेळ आलेली नाही. डोळे मिटलेल्या पिल्लांसाठी दोन-तीन तासांपेक्षा जास्त थांबू नका. आणि पिल्लू गार पडलंय, जखम आहे, अळ्या दिसतायत किंवा आई मेलेली तुम्ही स्वतः बघितलीय, तर अजिबात थांबू नका, सरळ पुढच्या पायरीवर जा.

पाऊस, गाड्या, कुत्री असं काही असेल तर पिल्लं खोक्यात घालून तिथेच चार पावलांवर आडोशाला ठेवा, एक बाजू आईला आत जाता येईल एवढी उघडी ठेवून. दुसऱ्या मजल्यावर घरात नेऊन ठेवलीत तर ती शोधणार कशी?

"माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही" हे खोटं आहे. घेते. या एका समजुतीपायी किती पिल्लं उगाच अनाथ झालीयेत.

आई परत आली तर तुमचं काम संपलं, म्हणजे जवळजवळ. तिला रोज खाणं-पाणी ठेवा पण पिल्लांच्या अगदी शेजारी ठेवू नका, त्या वासाने बोके आणि कुत्री तिथे पोचतात. आठ आठवड्यांनी पिल्लांचं दूध सुटलं की आईची नसबंदी करून घ्या, नाहीतर काही महिन्यांनी त्याच टायरात पुढची बॅच.

तपासा: तुम्ही खरंच लांब उभं राहून वाट बघितलीत का, की "खूप रडत होतं" म्हणून पाचव्या मिनिटाला उचललंत?

२) ऊब, आणि ऊब मिळेपर्यंत दूध नाही

पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला थंडी वाजली तरी कुडकुडता येत नाही. स्वतःचं तापमान स्वतः राखणं त्याला साधारण चौथ्या आठवड्यापर्यंत नीट जमत नाही, आईच्या पोटाची आणि भावंडांची ऊब हाच त्याचा हीटर. तो हीटर गेला की अंग गार पडतं, आणि अंग गार पडलं की आतडी काम करायची थांबतात. अशा पोटात दूध गेलं तर पचत नाही, पडून राहतं, फुगतं, नाहीतर गिळता न आल्यामुळे श्वासनलिकेत जातं. प्यायलं म्हणजे पचलं असं नसतं, माझं तिथेच चुकलं होतं.

पहिल्या आठवड्यात नॉर्मल तापमान ३५ ते ३७ डिग्री सेल्सिअसच्या आसपास असतं, नंतर हळूहळू वाढत मोठ्या मांजरीसारखं ३८-३९ होतं. ३५ च्या खाली असेल तर दूध द्यायचं नाही. थर्मामीटर नसेल तर करंगळीचं टोक हळूच पिल्लाच्या तोंडात घाला. आतून कोमट लागलं पाहिजे. आतून गार लागलं तर पिल्लू नक्की गार आहे, मग बाहेरून कितीही ठीक वाटू दे.

कसं करायचं:

पिल्लू आधी कोरडं करा. मग शर्टाच्या आत, थेट छातीच्या त्वचेला लावून धरा, ही सगळ्यात सुरक्षित ऊब आहे आणि लगेच मिळते. तोवर घरातल्या कुणाला तरी खोकं तयार करायला सांगा. गरम पाण्याची पिशवी किंवा घट्ट झाकणाची बाटली, त्यात गरम पण उकळतं नाही असं पाणी, तिच्यावर टॉवेलचे दोन पदर, आणि ती खोक्याच्या फक्त अर्ध्या भागात. उरलेला अर्धा भाग मोकळा राहिला पाहिजे, कारण पिल्लाला गरम झालं तर सरपटत बाजूला जायला जागा लागते. पिशवी नसेल तर जाड मोज्यात कच्चे तांदूळ भरून मायक्रोवेव्हमध्ये गरम करा, हाताला सहन होईल इतकेच.

ऊब हळूहळू द्यायची. एखाद-दोन तास लागले तरी चालेल. घाई करून हेअर ड्रायर मारणं, बल्बखाली अगदी जवळ ठेवणं, गरम पाण्यात बुडवणं, हे सगळं लोकांनी केलेलं मी बघितलंय आणि त्यात भाजण्याशिवाय काही साधत नाही.

सावधान: पिशवी दोन तासांत गार होते, आणि मग तीच पिल्लाच्या अंगातली ऊब ओढून घेते. रात्री अलार्म लावा. गार झालेली पिशवी खोक्यात ठेवण्यापेक्षा पिशवी नसलेली बरी.

पहिल्या आठवड्यात खोक्याच्या आत ३० डिग्रीच्या आसपास हवा हवी, मग दर आठवड्याला थोडं थोडं कमी करत जा.

३) तपासणी, वय आणि वजन

हे ऊब देता देता करता येतं, पण पिल्लू पूर्ण उघडं ठेवून नाही. ग्लोव्हज घाला किंवा निदान नंतर हात साबणाने नीट धुवा, पिल्लांकडून माणसाला गजकर्ण होतं आणि ते जाता जात नाही. घरात आधीची मांजर असेल तर पिल्लू वेगळ्या खोलीत, किमान दोन आठवडे, भांडी आणि कापडंही वेगळी. लोक "ओळख करून देऊ" म्हणून पहिल्याच दिवशी नाकाला नाक लावतात. पॅनल्युकोपेनिया नावाचा मांजरांचा आजार कपड्यांवरून, चपलांवरूनही पसरतो आणि लहान पिल्लांना तो झपाट्याने मारतो, त्यामुळे हा धोका दोन्ही बाजूंनी आहे.

वय ओळखायला फार अक्कल लागत नाही:

नाळ अजून चिकटलेली आहे: चार-पाच दिवसांच्या आतलं. नाळ ओढू नका, आपोआप गळते.
डोळे मिटलेले, कान डोक्याला चपटे: एक आठवडा किंवा कमी.
डोळे उघडतायत, निळे, धुरकट: ७ ते १४ दिवस. बोटाने डोळे उघडायला जाऊ नका प्लीज.
कान उभे राहतायत, पुढचे बारीक दात हिरडीत टोचतायत, लडखडत चालतंय: तीन आठवड्यांच्या आसपास.
सुळे आलेत, धावतंय, भावंडांशी मारामाऱ्या चालू: चार आठवडे.

वजनासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, ग्रॅम दाखवणारा. काट्यावर छोटा डबा ठेवून शून्य करा, मग डब्यात पिल्लू. जन्मतः मांजरीचं पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं, आणि पहिले काही आठवडे ढोबळ हिशोब असा की दर आठवड्याला शंभरेक ग्रॅम वाढतात. हा आकडा पुढे दुधाच्या हिशोबाला लागतो, म्हणून वजन दुधाच्या आधी.

तोंड उघडून टाळू बघा. कधीकधी टाळूला जन्मतः फट असते, अशा पिल्लाला बाटलीने पाजलं तर दूध नाकात जातं, ते व्हेटकडेच न्यायचं. हिरड्या गुलाबी हव्यात. पांढऱ्या पडल्या असतील आणि अंगात पिसवा वळवळत असतील तर रक्त कमी झालंय. पिसवा एवढ्याशा जीवाचं रक्त पिऊन त्याला मारू शकतात, हे लोकांना खरं वाटत नाही.

पिसवा काढायच्या त्या लिखांच्या बारीक फणीने, साबणाच्या पाण्याची वाटी शेजारी ठेवून, फणीत आलेली पिसू लगेच वाटीत. मानेपासून सुरुवात करा, नाहीतर सगळ्या तोंडाकडे पळतात.

सावधान: कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजरीला कधीच नाही. त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजरीला विष आहे. आणि अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा देणारे महाभाग आहेत, पॅरासिटामॉलने मोठी मांजरसुद्धा मरते.

आंघोळ नाही. मळलेलं असलं तरी नाही. कोमट ओल्या कापडाने तेवढा भाग पुसा, लगेच कोरडा करा, परत उबेला ठेवा.

तपासा: तोंड आतून कोमट आहे? हिरड्या गुलाबी आहेत? वजन लिहून ठेवलंत? तिन्हीला हो असेल तरच पुढे. हिरड्या पांढऱ्या असतील, अळ्या असतील किंवा पिल्लू उबेनंतरही निपचित असेल, तर दुधाची तयारी नंतर, आधी व्हेट.

४) दूध: आधी तयारी, मग पिल्लू हातात

गाईचं दूध नाही, म्हशीचं नाही, तान्ह्या मुलांची पावडरही नाही. मांजरीच्या दुधात प्रोटीन गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतं, त्यामुळे गाईच्या दुधावर पिल्लू पोट भरून पितं आणि तरी वाढत नाही, वर जुलाब लागतात, आणि दीडशे ग्रॅमच्या जीवात जुलाब झेलायला पाणी असतं कुठे? "आमच्याकडे सगळी पिल्लं गाईच्याच दुधावर वाढली" असं कुणीतरी म्हणतंच. वाढलेली तेवढी आठवतात.

पाहिजे ते किटन मिल्क रिप्लेसर, मांजरीच्या पिल्लांची दूध पावडर, व्हेटकडे किंवा पेट शॉपमध्ये मिळते, ऑनलाइनही. मध्यरात्री मिळाली नाही तर गरम झालेल्या पिल्लाला बिनफ्लेवरचं ओआरएस थोडं थोडं देऊन सकाळपर्यंत काढता येतं. बकरीचं दूध एखादा दिवस चालवून घेता येईल, पण ते सवयीचं करू नका.

पावडर डब्यावर लिहिलंय त्याच प्रमाणात. "जरा घट्ट दिलं तर लवकर वाढेल" असं होत नाही, बद्धकोष्ठता होते. पातळ केलं तर उपाशी राहतं. पाणी उकळून कोमट केलेलं, गुठळी राहू द्यायची नाही, कालवलेलं दूध फ्रीजमध्ये एका दिवसाच्या आत संपवायचं आणि पिऊन उरलेलं परत बाटलीत ओतायचं नाही. गरम करताना बाटली गरम पाण्याच्या वाटीत उभी करा. मायक्रोवेव्हमध्ये केलंत तर कुठे गार कुठे चटका असं होतं. मनगटावर थेंब टाकून बघा, कोमट म्हणजे गरम-गार काहीच न जाणवणारं.

नवीन निपलला बहुतेक वेळा भोकच नसतं! लोक तास-तासभर पाजतात आणि पिल्लू पीत नाही म्हणतात. गरम केलेल्या सुईने भोक पाडा आणि बाटली उलटी धरून बघा: एकेक थेंब सावकाश पडला पाहिजे. धार लागली तर भोक मोठं झालं, ते निपल टाकून द्या. काहीच पडत नसेल तर अजून लहान आहे. अगदी छोट्या पिल्लाला बाटलीपेक्षा बिनसुईची १ किंवा २ मिलीची सिरिंज सोपी जाते, पण दांडा एकदम दाबला जाणार नाही ना ते आधी पाणी भरून दोनदा करून बघा.

किती द्यायचं? दर १०० ग्रॅम वजनामागे एका वेळी साधारण ४ मिली. पिल्लू १८० ग्रॅमचं असेल तर ७ मिली. पोट तेवढंच असतं, त्यामुळे "आज जास्त पाजते, रात्री उठायला नको" हे चालत नाही.

पहिला आठवडा: दर २ तासांनी, रात्रीसुद्धा.
दुसरा: दर २ ते ३ तासांनी.
तिसरा: दर ३ ते ४ तासांनी.
चौथा: दर ४ ते ५ तासांनी.
पाचवा: दर ५ ते ६ तासांनी, सोबत खाणं सुरू.

पहिल्या आठवड्यात एकट्याने हे जमत नाही. घरात किंवा बिल्डिंगमध्ये दोन-तीन जणांनी पाळ्या लावून घ्या, आणि जमत नसेल तर पहिल्याच दिवशी सांगून टाका म्हणजे दुसरी सोय बघता येते. तिसऱ्या रात्री झोप न झालेल्या माणसाच्या हातून चुका होतातच.

५) पाजताना पिल्लू पालथं, पोटावर

उताणं नाही. मांजरीचं पिल्लू आईला पितं तेव्हा पालथंच असतं. उताणं धरलं की दूध फुफ्फुसात जातं, आणि तो न्यूमोनिया झाला की वाचणं अवघड. सगळ्यात जास्त पिल्लं कशाने जात असतील तर गारठ्याने आणि यानेच, असं माझं इतक्या वर्षांचं बघणं आहे.

मांडीवर टॉवेल, त्यावर पिल्लू पोटावर, पुढच्या पंज्यांना मळायला टॉवेलची घडी. डाव्या हाताने डोकं मागून हलकंच धरा, मान वर ताणू नका, सरळच राहू द्या. निपल ओठांवर थोडं फिरवा, एक थेंब लागला की तोंड उघडतं. बाटली तिरकी, म्हणजे निपलमध्ये हवा जाणार नाही. आणि बाटली पिळायची नाही. पिल्लाने ओढू दे.

ते नीट ओढतंय हे कसं कळतं? कान बघा. लागलं की कान तालात मागेपुढे हलायला लागतात, आणि जीभ निपलभोवती पन्हळीसारखी वळते. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी रात्री अडीचला एकटीच हसत बसले होते. कान हलत नसतील आणि दूध ओठांच्या कडेने गळत असेल तर ते पीत नाहीये, तुम्ही ओतताय.

सिरिंजने देताना थेंब-थेंब, गिळलेलं दिसलं की पुढचा थेंब. तोंडाच्या कडेने, जिभेवर, घशात खोल नाही.

नाकातून दूध आलं, ठसका लागला, तर लगेच थांबा. पिल्लाचं डोकं थोडं खाली झुकवा, नाक पुसा, श्वास नीट होईपर्यंत थांबा. पिल्लू हातात धरून झटकू नका, जुने लोक सांगतात पण त्याने डोक्याला इजा होऊ शकते. नंतरच्या एक-दोन दिवसांत श्वास भरभर, तोंड उघडून श्वास किंवा छातीत टकटक आवाज आला तर त्याच दिवशी व्हेट, "उद्या बघू" नाही.

झाल्यावर खांद्याशी उभं धरून पाठीवर बोटाने हलकं थोपटा, ढेकर येतो. तोंड पुसा, हनुवटीखाली दूध सुकलं की तिथले केस झडतात.

तपासा: पोट गोल आणि मऊ आहे का? मऊ गोल म्हणजे झालं. ढोलासारखं ताणलेलं म्हणजे जास्त झालं किंवा हवा गेली. पुढच्या वेळी एक मिली कमी.

६) शी-शू करवणं, जे कुणालाच माहीत नसतं

तीन आठवड्यांपर्यंतच्या पिल्लाला स्वतःहून शू करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते. आता चाटणारी नाही, म्हणजे ते काम तुमचं, दर पाजण्याच्या वेळी.

कापसाचा बोळा किंवा मऊ टिश्यू कोमट पाण्यात भिजवून पिळा आणि शेपटीखाली हलकं हलकं टिपत राहा. घासायचं नाही, टिपायचं. काही सेकंदांत शू सुरू होते, थांबेपर्यंत करत राहा, बरेच जण पहिल्या थेंबाला बोळा काढतात आणि अर्धी आत राहते. मग कोरडं पुसा.

शू फिकट पिवळी हवी. गडद झाली तर पाणी कमी पडतंय. शी दिवसातून एकदा तरी, मोहरीच्या रंगाची, टूथपेस्टसारखी. पाण्यासारखी, पांढरट, रक्ताची असेल तर व्हेट. दोन दिवस झालीच नाही आणि पोट फुगलंय, तर तेव्हाही.

आणखी एक. दोन-तीन पिल्लं एकत्र असली तर ती कधीकधी आई समजून एकमेकांच्या शेपटीखाली चोखतात, तिथे सूज येऊन शू अडकते. लाल दिसलं की त्यांना वेगवेगळ्या खोक्यांत ठेवा, ऊब मात्र प्रत्येकाला वेगळी द्या.

७) वही

कितीही साधी वही चालेल. वेळ, वजन, किती मिली प्यायलं, शू, शी. वजन रोज एकाच वेळी, पाजायच्या आधी. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ पाहिजे. एक दिवस वाढलं नाही तर लक्ष ठेवा, पाजण्याची वेळ किंवा प्रमाण कुठे चुकतंय ते शोधा. कमी झालं तर वाट बघू नका. पिल्लू खेळताना बरं दिसतं, ओरडतं जोरात, आणि काट्यावर सहा ग्रॅम कमी भरतं, अशा वेळी काट्यावर विश्वास ठेवा.

दोन-तीन सारखी दिसणारी पिल्लं असतील तर नखाला वेगवेगळं नेलपॉलिश लावायला जाऊ नका, ते चाटतात. शेपटीचा, पंज्याचा फोटो काढून वहीत खूण लिहा.

८) पिल्लू अचानक ढेपाळलं तर

संध्याकाळी पीत होतं, रात्री दोनला बघता तर लोळागोळा, तोंड उघडून ओरडतंय किंवा ओरडतही नाही, हिरड्या फिक्या. तेव्हाही क्रम तोच. दूध नाही. आधी ऊब, टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीशी, फक्त तोंड बाहेर. मग साखरेचा घट्ट पाक नाहीतर मध बोटावर घेऊन हिरड्यांना दोन-तीन थेंब चोळा, दर चार-पाच मिनिटांनी. गिळायला लावू नका, हिरडीतूनच शोषलं जातं. आणि हे चालू असतानाच व्हेटला फोन. दर दोन मिनिटांनी उघडून "बरंय का" बघू नका, तेवढी ऊब जाते.

काही पिल्लं सगळं बरोबर करूनही जातात. पहिल्या दोन आठवड्यांत हे होतं, आणि दर वेळी तुमची चूक असतेच असं नाही.

९) चौथ्या आठवड्यापासून

ट्रे आधी. तीन-साडेतीन आठवड्यांना उथळ ट्रे, त्यात फाडलेले कागद किंवा गोळा न होणारा लिटर, म्हणजे मांजरांच्या शी-शूसाठी मिळते ती वाळू. गुठळी होणारा लिटर इतक्या लहान पिल्लाला नको, ते खाऊन बघतात आणि तो पोटात फुगतो. खाऊन झालं की ट्रेमध्ये नेऊन ठेवा, वापरलेला बोळा एकदा आत टाकून ठेवा, वासावरून कळतं. दोन-तीन दिवसांत शिकतात, शिकवायला फार काही लागत नाही.

खाण्याची घाई मात्र लोक फार करतात. रात्रीचं उठणं चुकवायला तिसऱ्याच आठवड्यात वाटी पुढे सरकवतात आणि पिल्लू वाळायला लागतं. सुळे आले, निपल चावायला लागलं, की मग पिल्लांचं ओलं खाणं दुधात पातळ कालवून बोटावर चाटवा, नंतर बशीत. पहिले दोन-तीन दिवस ते त्यात चालणार आणि नाकाने खाणार, ते पुसत बसायचं. दूध पाजणं एकदम बंद करू नका, बशीतलं नीट खाऊन वजन वाढतंय हे वहीत दिसेपर्यंत बाटली चालूच. पाण्याची वाटी उथळ.

हाताने मारामारी खेळू नका. आता गंमत वाटते, चार महिन्यांनी तोच हात फाटतो आणि मग "चावतं म्हणून परत घ्या" असा फोन येतो. दोरी, चेंडू, काहीही, पण हात नाही. पिल्लू चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

१०) व्हेट, आणि मग नवीन घर

जंताचं औषध दोन आठवड्यांपासून, दर दोन आठवड्यांनी, डोस वजनावर ठरतो म्हणून तो डॉक्टरांनीच ठरवायचा. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांत, मग दर ३-४ आठवड्यांनी १६ आठवड्यांपर्यंत. रेबीजची साधारण १२ आठवड्यांना. मादी चार महिन्यांतच माजावर येऊ शकते, त्यामुळे नसबंदी पाच महिन्यांच्या आत, आणि घर देताना हे आधीच बोलून घ्या, नाहीतर पुढचा मेसेज त्याच घरातून येतो.

आठ आठवड्यांच्या आधी कुणाला देऊ नका, कितीही मागे लागले तरी. शक्य असेल तर दोन भावंडं एकत्र द्या, एकटं पिल्लू जास्त चावरं आणि चिकट होतं आणि घरच्यांनाच त्रास होतो. खिडक्यांना जाळी आहे का, घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का, भाड्याचं घर असेल तर मालकाला चालतंय का, हे विचारायला लाजू नका. मुलाच्या वाढदिवसाला सरप्राइज म्हणून मागणाऱ्यांना मी नाहीच म्हणते.

जाताना सोबत वहीच्या पानांचे फोटो, लसीचं कार्ड, सध्याचं खाणं निदान आठवडाभर पुरेल एवढं, आणि खोक्यातलं ते झोपायचं कापड. कापड धुवून देऊ नका, तसंच द्या, नवीन घरातली पहिली रात्र पिल्लू त्याच वासावर काढतं.